डॉक्टरांचे नऊ वाफे

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दीडच्या सुमारास, आयर्लंडमधल्या नावन गावी आमच्या भाड्याच्या घरात तिघांना विषबाधा झाली. आई, मी आणि माझी सात वर्षांची मुलगी. कारण डॅफोडिलची पानं, बेसन पेरून केलेली. तिघंही वाचलो. मुलगी आणि मी त्याच संध्याकाळी घरी आलो. आईला दोन दिवस रुग्णालयात ठेवलं, कारण तिचं वय अडुसष्ट होतं आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या.

ज्यांनी ते डॅफोडिल लावले होते ते त्या दिवशी तिथून तीन तासांच्या अंतरावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात ड्यूटीवर होते. ते सर्जन. मूळचे बार्शीचे, वय बावन्न. आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो. माझी बायकोही डॉक्टर आहे, पण आमच्या घरात डॉक्टर म्हटलं की ते.

त्याआधीचे सहा महिने, जुलै ते जानेवारी, ते आमच्या वरच्या छोट्या खोलीत राहत होते. माझ्या बायकोच्याच रुग्णालयात त्यांची नेमणूक होती. त्यांच्या सगळ्या नेमणुका सहा-सहा महिन्यांच्या. जुलैत एक गाव, जानेवारीत दुसरं. अशी नऊ वर्षं. बायको आणि मुलगा बार्शीत. त्यांना इकडे का आणलं नाही, असं मी एकदा विचारलं. "आणून ठेवू कुठे?" ते म्हणाले.

त्यांच्याकडे दोन सुटकेसा होत्या. एक उघडी असायची, एक बंद. बंद सुटकेस सहा महिन्यांत एकदाही उघडलेली मी पाहिली नाही. कपाटाला आमच्याकडे सगळे इथल्यासारखं 'प्रेस' म्हणतात. त्यांच्या खोलीतल्या प्रेसमध्ये फक्त बूट असायचे.

ते उभ्याने जेवत. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ताटली ओट्यावर ठेवून. बसा म्हटलं तर म्हणत, "सवय नाही." भेंडी चिरायला घेतली की अर्धा तास लागायचा आणि प्रत्येक तुकडा सारखा असायचा. माझी बायको म्हणायची, "डॉक्टर, ती भाजी आहे, तिला टाके घालायचे नाहीत." ते मान डोलवत आणि त्याच गतीने चिरत.

कौतुकाचे शब्द त्यांना वर्ज्य होते. शेजारचे म्हातारे गृहस्थ बसचालक म्हणून निवृत्त झालेले. ते कुंपणावरून रोज "ग्रँड डे" म्हणायचे. डॉक्टर आकाशाकडे बघत आणि सांगत, "आठ डिग्री आहे." कसं काय चाललंय असं कुणी विचारलं तर उत्तर मिळायचं, "दोन अपेंडिक्स, एक हर्निया." ब्लँचर्डस्टाउनला मराठी मंडळींचा गणपती असतो. तिथे ते शेवटच्या अर्ध्या तासात जात, खुर्च्या रचायला. आरती, जेवण, गाणी, सगळं झालेलं असायचं. खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीने रचून ते परत येत.

रविवारी सकाळी बार्शीला व्हिडिओ कॉल. तो तासभर चालायचा आणि त्यात बोलणं जवळजवळ नसायचं. तिकडे त्यांच्या पत्नी मेथी निवडत, इकडे हे शर्टांना इस्त्री करत. मध्येच एखादं वाक्य. "पाणी आलं?" "आलं." पुन्हा इस्त्री.

मी पूर्वी पुण्यात एका वर्तमानपत्रात होतो, हे त्यांना कळल्यावर ते मला 'पेपरवाले' म्हणू लागले. "पेपरवाले, बातमी सांगा. मत नको." दूध संपलंय ही बातमी. दूध नेहमी संपतं हे मत. हा फरक ते गंभीरपणे पाळत.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी कंद आणले. आमच्या घरापुढे गवताचा एक तुकडा आहे आणि त्याच्या कडेने, भिंतीलगत, दीड हात रुंदीचा वाफा. आम्ही आलो तेव्हा त्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी एका रविवारी पावसात तो खणला. शेजारच्यांनी मला हाक मारून विचारलं, "युअर मॅन ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे, कांदे लावतायत. मग चूक दुरुस्त केली. फुलांचे कंद. ही चूक मी केली होती, हे नोंदवणं गरजेचं आहे.

कंद लावण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. जमिनीवर जुना टॉवेल दुमडून त्यावर गुडघे टेकायचे. लहान कंद तीन बोटं खाली, मोठे एक वीत. कंद आधी टॉवेलवर दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, मोठ्याने मोजायचे, मग लावायचे, मग रिकामा टॉवेल झटकून पुन्हा आकडा म्हणायचा. मोठे डॅफोडिलचे एकशे वीस, लहान क्रोकसचे वीस. शेवटी बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे.

"मोजता कशाला?" मी विचारलं.

"पोट शिवायच्या आधी आतले कापसाचे बोळे मोजतात. आत गेले किती, बाहेर आले किती. जुळल्याशिवाय शिवत नाहीत."

"पण हे तर आतच राहणार."

"म्हणून तर मोजायचं."

वाफ्यात त्यांनी एकही पाटी लावली नाही. दुकानातून कंदांबरोबर आलेल्या चित्रांच्या पट्ट्या त्यांनी सरळ कचऱ्यात टाकल्या. "पाटी लावली की लोक पाटी वाचतात. झाड बघत नाहीत." यावर माझ्या बायकोने विचारलं, की मग कुठे काय आहे हे कळणार कसं. "येईल वर आणि सांगेल," ते म्हणाले.

हे त्यांचं नववं घर होतं. दर शरदात ते असतील तिथे वाफा लावत आणि जानेवारीत ते घर सोडत. डॅफोडिल फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. म्हणजे नऊ वर्षांत त्यांनी लावलेलं एकही फूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं. उन्हाळ्यापर्यंतचे सहा महिने ते दुसऱ्या कुठल्यातरी घरात काढत. तिथल्या बागेत जे काही उगवे ते आणखी कुणाचं असे.

"एकदा जाऊन बघायचं," मी म्हटलं. "देश केवढा आहे हा? सकाळी निघालं तर संध्याकाळी परत."

"हँडओव्हर झाल्यावर दुसऱ्याच्या पेशंटकडे जात नाहीत."

"ती झाडं आहेत, डॉक्टर."

"घर दुसऱ्याचं आहे ना."

फुलं बघायची ती शेवटची संधी होती, हे तेव्हा मला माहीत होतं. त्यानंतरच्या जुलैत त्यांची नेमणूक संपत होती आणि ते कायमचे बार्शीला परत जाणार होते. ते ठरलेलं होतं. आमच्या वाफ्याबाबत मात्र एक गोष्ट वेगळी होती. ते गेले तरी आम्ही त्याच घरात राहणार होतो. जानेवारीत निघताना त्यांनी मला काम सांगितलं: दर रविवारी वाफा बघायचा आणि दोन वाजता फोनवर बातमी द्यायची. वर किती आले, उंची किती, कळी किती. सुंदर दिसतंय वगैरे नको.

पहिल्या रविवारी मी सांगितलं, डॅफोडिलचे कोंब एकतीस. दुसऱ्या रविवारी अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्या रविवारी एकशे नऊ, पानं चार बोटं. प्रत्येक वेळी पलीकडून "बरं" असा शब्द आला. तिसऱ्या वेळी "बरं"नंतर त्यांनी विचारलं, "पानांचा रंग?"

"हिरवा."

"हिरवा असतोच. कसला हिरवा?"

मी बाहेर जाऊन बघून आलो. "राखाडी झाक असलेला."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने मीच ठेवला.

आई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कराडहून आली. आल्या दिवसापासून तिला सर्दी. पण वासाची तक्रार सर्दीमुळे नव्हती, ती तिने गेल्या खेपेलाही केली होती. "हितल्या कांद्याला वास न्हाई. लसणाला न्हाई. कोथमीर तर नुसती हिरवी." इथे येणाऱ्या सगळ्यांच्या आया हे म्हणतात. त्यात तथ्य किती, ते मी तपासलेलं नाही. आईच्या मनात मात्र ते पक्कं झालेलं होतं, की या देशात भाजीला वास नसतो. म्हणून बिनवासाची पात हातात आली तेव्हा तिला शंका आली नाही.

त्या रविवारच्या तीन दिवस आधी तिने मला विचारलं होतं, "डॉक्टरांनी कांदं लावल्यात व्हय रं भिताडाला?"

मी लॅपटॉपवर होतो. "हो, त्यांनीच लावलंय," मी म्हणालो. प्रश्न नीट ऐकला नव्हता.

रविवारी पाऊस होता म्हणून कोंब मोजायचं काम मी जेवणानंतर ठेवलं. बायको ड्यूटीवर होती. आईने ज्वारीच्या भाकरी आणि पातीची भाजी केली. मला वाटलं, पात दुकानातली. मुलीने दोन घास खाऊन ताटली सरकवली. "आजी, इट्स ग्रँड, बट नो," ती म्हणाली. मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. आई मला म्हणाली, "काय म्हणती?" मी म्हटलं, पोट भरलं म्हणते. आईने तिच्या ताटलीतली भाजी स्वतः संपवली.

अर्ध्या तासाच्या आत तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. पात कुठली असं मी विचारलं, तर आईने बाहेरच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. बायकोचा फोन लागला नाही, ती वॉर्डात होती. मी डॉक्टरांना लावला.

"आज वेळेआधी?" ते म्हणाले.

"डॉक्टर, उलट्या होतायत. तिघांना. आईने पातीची भाजी केली होती. बाहेरच्या…"

"बाहेरच्या म्हणजे?"

"वाफ्यातल्या."



"मुलीने किती खाल्ली?"

"दोन घास."

"बोलतेय?"

"रडतेय."

"रडू दे. आता फोन ठेवा, ॲम्ब्युलन्सला लावा, काय खाल्लं ते डॅफोडिल असं नाव घेऊन सांगा. मग मला परत लावा."

मी परत लावला तेव्हा पहिल्या रिंगला उचलला गेला.

"नुसती पानं होती की कंदही? कंदात जास्त असतं. नीट विचारून सांगा."

आई मोरीपाशी भिंत धरून उभी होती. "आई, मुळासकट उपटलेस का?"

"न्हाई रं बाबा. पुन्यांदा फुटंल म्हणून बुडखा ठिवला."

"बुडखे ठेवलेत," मी सांगितलं.

"काकूंना सांगा, फार बरं केलं. मुद्दाम उलटी काढू नका. एक पान पिशवीत घालून बरोबर न्या, दाखवायला." मग, "पेपरवाले, दार उघडून ठेवा. ते लोक आले की शोधत बसायला नको."

आईला सलाइन लावलं. बायको वॉर्डातून धावत खाली आली. तिसऱ्या दिवशी आई घरी आली. पहिलं वाक्य तिने माझ्या बायकोला उद्देशून म्हटलं: "नातीला इख घातलं गं मी." त्यानंतर आठवडाभर ती स्वयंपाकघरात गेली नाही.

डॉक्टर पुढच्या शनिवारी सकाळी आले. आधी कळवलं नव्हतं. गाडीच्या डिकीतून त्यांनी फावडं काढलं आणि सरळ वाफ्याकडे गेले. ऊन होतं. क्रोकस पूर्ण उघडलेले होते, जांभळे आणि पिवळे. आईने कापलेल्या जागी पानांचे आखूड बुंधे होते, बाकीच्या डॅफोडिलना कळ्या धरल्या होत्या. त्यांनी यांतल्या कशाकडेही पाहिलं नाही. टॉवेल अंथरला.

आई स्वेटर घालून, मोज्यांवर चप्पल चढवून दारात आली. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते.

"तुमीच व्हय डॉक्टर? या की आत. च्या घ्या."

"नमस्कार काकू. आधी हे काढतो, मग येतो."

"काय काढताय?"

"एकशे वीस घातले होते. एकशे वीस काढायचे."

"आवं पन का?"

"आत काहीतरी ठेवून गेलो आणि सांगून गेलो नाही. चूक माझी आहे."

"आन मी न इचारता कापलं, ती कुनाची?" आई पायरी उतरून खाली आली. "मग मला बी घाला की त्या डिकीत."

डॉक्टर हसले नाहीत. फावडं हातातच होतं.

"मला आता ठावं झालंय," आई म्हणाली. "पोरीला ठावं झालंय. आता हे उपटून कुनाचा जीव वाचनार हाय? ज्येला ठावं न्हाई त्येच्याकडं जावा. आसं आनी कुठं कुठं लावलंय तुमी?"

"आठ घरं आहेत," ते म्हणाले.

"तितं कोन ऱ्हातंय?"

ती घरं डॉक्टर लोकांनाच भाड्याने जातात, एक गेला की दुसरा येतो. भारतातले, पाकिस्तानातले, सुदानमधले. त्यांच्याकडे हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या आया येतात. हे डॉक्टरांनी मोठ्याने, एक-एक वाक्य करत म्हटलं. मग ते खाली टॉवेलवर बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वाफ्यावरून बोट फिरवून ते म्हणाले, "क्रोकस एकोणीसच आहेत."

"एक खारीने नेला," मी सांगितलं.

त्या दुपारी त्यांनी आइस्क्रीमच्या डब्यांची पांढरी झाकणं कापून पट्ट्या केल्या. आमच्या वाफ्यासाठी एक मराठीत: 'ही पात नाही. खायची नाही.' आईने वाचून सांगितलं, "अक्षार डॉक्टरचं वाटत न्हाई." बाकीच्या इंग्रजीत. पुढच्या आठवड्यात रुग्णालयातल्या सहकाऱ्यांकडून त्यांनी त्यांवर उर्दू आणि अरबीतही लिहून घेतलं. मग आठ पत्ते एका कागदावर लिहिले. सगळे त्यांना पाठ होते.

मुदत ठरलेली होती. डॅफोडिलची पानं मेअखेर पिवळी पडतात आणि जूनमध्ये नाहीशी होतात. त्यानंतर कंद कुठे आहे ते कुणालाच दिसत नाही आणि मातीत हात घालणाऱ्याला तो कांद्यासारखाच दिसतो. जुलैत त्यांचं विमान होतं.

मिळेल त्या सुट्टीच्या दिवशी ते निघत. चार वेळा मी बरोबर होतो. बाकीच्या घरांची माहिती त्यांनी मला दिलेली आहे.

ब्लँचर्डस्टाउनच्या घरात एक सुदानी कुटुंब होतं. बाईंनी आम्हाला घरमालकाची माणसं समजून आधी नवऱ्याला फोन लावला. समजल्यावर चहा दिला. त्यांच्या सासूबाई पुढच्या महिन्यात येणार होत्या. अरबी पट्टी वाचून त्यांनी तिच्यातली एक चूक पेनाने सुधारली आणि ती स्वतः वाफ्यात खोचली. फुलं सत्तर होती, कंद लावले होते साठ. "वाढतात ते," डॉक्टर मला म्हणाले. त्यांना हे पुस्तकातून माहीत होतं.

दुसऱ्या एका घरात तरुण आयरिश जोडपं होतं. ती मुलगी हसत सुटली. "डॅफोडिल कोण खाईल?"

"तीन माणसं," डॉक्टर म्हणाले. "नावनमध्ये."

तिचं हसणं थांबलं आणि तिने आम्हाला आत बोलावलं. आम्ही गेलो नाही. अजून एक घर गाठायचं होतं.

ते घर दक्षिणेकडच्या एका लहान गावात. डॉक्टर चार वर्षांपूर्वी तिथे राहिले होते. दार घरमालकानेच उघडलं. पंच्याहत्तरीचा माणूस, हातात चष्मा. आता तो स्वतःच तिथे राहत होता. भिंतीलगतचा सगळा वाफा पिवळा झाला होता. बोलणं इंग्रजीत झालं. डॉक्टरांनी आपण आधीचे भाडेकरू आहोत असं सांगितलं आणि पानं विषारी असतात हे सांगितलं. म्हातारा ऐकत होता, पण त्याला वेगळंच काही सांगायचं होतं.

"ही माझ्या बायकोने लावली," तो म्हणाला. "आम्ही तेव्हा मुलीकडे राहत होतो, बायकोच्या आजारपणामुळे. ऑक्टोबरात एकदा मुलगी तिला घर दाखवायला घेऊन आली होती. तेव्हाच लावली असणार. मला काही बोलली नाही. जानेवारीत गेली. मी इथे परत आलो तर हे सगळं वर आलेलं. त्यानंतर दरवर्षी." त्याने चष्मा घातला. "तुम्ही इथेच होता ना तेव्हा? तुम्हाला माहीत असेल."

डॉक्टरांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. पट्टी त्याच खिशात होती.

"मी पाहिली होती," डॉक्टर म्हणाले.

हे खरं नव्हतं. ती फुलं ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.

म्हाताऱ्याने त्यांना एक फूल तोडून दिलं. आम्ही गाडीत बसलो. गाव मागे पडल्यावर डॉक्टर म्हणाले, "आल्या होत्या त्या. मी चहा घेऊन बाहेर गेलो. गाडीतून उतरता आलं नाही त्यांना. काचेतूनच घर बघितलं." पट्टी त्यांनी गाडीच्या खणात ठेवली. फूल नावनला पोचल्यावर माझ्या आईला दिलं. आईने ते ओट्यावरून बरंच लांब, दिवाणखान्यात, पेल्यात ठेवलं.

एप्रिलच्या मध्यात आई कराडला परत गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा स्वयंपाक केला. वांग्याचं भरीत. मुलीने दोनदा मागून घेतलं.

एप्रिलअखेर सात घरं झाली होती. सातही ठिकाणी त्यांनी दारात माणसाला गाठून तोंडी सांगितलं. सहा ठिकाणी पट्टी लावली. आठवं, म्हणजे सगळ्यांत जुनं घर स्वोर्ड्समध्ये, विमानतळाजवळ. तिथे ते तीनदा गेले. घर बंद होतं. पुढे विक्री ठरल्याची पाटी होती. फाटकाला कुलूप. मेच्या शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. पानं पिवळी पडून आडवी झाली होती. शेजाऱ्यांना घेणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. डॉक्टरांनी एका कार्डावर सगळं लिहून दाराच्या फटीतून आत टाकलं. आत जाहिरातींच्या कागदांचा ढीग पडलेला होता. कार्ड त्यावर पडल्याचा आवाज आला नाही.

"मिळेल त्यांना," मी म्हटलं.

"हे मत झालं," ते म्हणाले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना विमानतळावर सोडलं. दोन सुटकेसा. आत जाण्यापूर्वी त्यांनी मला स्वोर्ड्सचा पत्ता पुन्हा एकदा सांगितला आणि मी तो म्हणून दाखवला. "फेब्रुवारीत," ते म्हणाले. "कळी धरायच्या आत." ते बार्शीत पोचल्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला.

यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी स्वोर्ड्सला गेलो. घरात वस्ती होती. गवताच्या जागी फरशी बसवलेली होती आणि तिच्यावर गाडी उभी होती. वाफ्याचा अर्धा भाग फरशीखाली गेला होता. उरलेल्या अर्ध्यात कोंब होते. मी ते मोजले आणि घंटी वाजवली.

दार एका बाईंनी उघडलं. केरळच्या, रुग्णालयात नर्स. कुठलंही कार्ड त्यांना मिळालेलं नव्हतं. घर साफ करून घेतलं तेव्हा सगळे कागद गेले, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना पानांबद्दल सांगितलं. त्यांनी आत हाक मारली. शाल गुंडाळलेल्या एक वृद्ध बाई बाहेर आल्या, त्यांच्या सासू, आठ दिवसांपूर्वी आलेल्या. मागून नवरा आणि दोन मुली. नर्सबाईंनी मल्याळममध्ये सगळं सांगितलं. सासूबाईंनी वाफ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"लावले कुणी, असं विचारतात," नर्सबाई म्हणाल्या.

मी सांगितलं.

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, बार्शीत चार चाळीस. फाटकाबाहेर येऊन मी डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. कोंब तेवीस, उंची तीन बोटं, कळी एकही नाही. घरात माणसं पाच. पाचही जणांना तोंडी सांगितलं आहे.

"बरं," ते म्हणाले.

फोन एक मिनिट चाळीस सेकंद चालला.